चार दिवसांची हजेरी

मित्रांनो, मला तोंड आहे पण दात नाहीत, आणि गंमत अशी की माझी सारी नोकरी दातांच्या कारखान्यात झाली. मी एक जुने हजेरीयंत्र आहे. वर गोल घड्याळ आणि खाली एक अरुंद फट, एवढाच माझा संसार. कामगाराने आपले कार्ड त्या फटीत सारले की मी आतून 'खट्ट' करतो आणि त्या दिवसाच्या चौकटीत वेळ उमटवतो. सकाळी एक खट्ट, संध्याकाळी एक खट्ट, की माणूस घरी जायला मोकळा. या आवाजावरून मला सगळे 'खटोबा' म्हणत. नाव काही फार भारदस्त नाही, पण प्रेमाने ठेवलेल्या नावाला नावे ठेवू नयेत.

माझा जन्म घड्याळांच्या एका कारखान्यात झाला. ज्या कारागिराने माझी चक्रे बसवली, त्याने मला तीन दिवस टेबलावर चालते ठेवले होते. तीन दिवसांत मी अर्धे मिनिटही मागे पडलो नाही, तेव्हा कुठे त्याने माझ्या पाठीवर थोपटून झाकण लावले. तिथून मी आलो तो थेट कवळ्या बनवणाऱ्या या कारखान्यात. आत्ताच्या मालकीणबाईंच्या वडिलांनी मला दाराशेजारी टांगले आणि सगळ्यांना बजावले, "माणूस चुकेल, खटोबा चुकायचा नाही." त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षे फुगून बसलो होतो.

कारखाना म्हणजे काय, एक लांबट खोली आणि सात माणसे. दातांच्या डॉक्टरांकडून म्हाताऱ्या माणसांच्या जबड्याचे ठसे यायचे. प्लास्टरवाला त्यात प्लास्टर ओतून जबडा तयार करायचा. मग त्यावर मेणाच्या हिरड्या, हिरड्यांत एकेक दात, आणि शेवटी पॉलिश. फळीवर ओळीने मांडलेले जबडे दिवसभर एकमेकांकडे बघून हसत असायचे. खोलीत मेणाचा वास आणि माझ्या डोक्यावर प्लास्टरची पांढरी धूळ. मी तरुणपणीच पिकल्यासारखा दिसायचो.

माझ्या अगदी शेजारी पॉलिशचे चाक होते आणि त्या चाकापाशी बसायच्या पॉलिशकाकू. जीभ तिखट, हात मऊ. कोणाची कवळी किंचित खडबडीत राहिली तर त्या ती परत पाठवायच्या आणि म्हणायच्या, "ही तू आपल्या तोंडात घालशील का?" काकूही मूळच्या या देशातल्या नव्हत्या. तरुणपणी अशाच नोकरीच्या व्हिसावर त्या आल्या होत्या. त्या काळी दुसऱ्या एका कारखान्यात त्यांचे मूल तापाने फणफणले म्हणून त्या तीन दिवस घरी राहिल्या, आणि तिथल्या मुकादमाने रजा न देता सरळ 'न सांगता गैरहजर' असा शेरा मारला. त्या तीन दिवसांपायी त्यांचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज दीड वर्ष अडकला. हा पाढा त्या वर्षातून एकदा तरी वाचायच्या, आणि वाचताना चाक बंद करायच्या. एरवी त्यांचे चाक कशासाठीही थांबत नसे.

एके दिवशी आमच्याकडे एक नवा कारागीर आला. शर्टाच्या खिशात कायम एक छोटा चिमटा, म्हणून आठवडाभरात त्याचे नाव पडले चिमटेराव. आपल्या देशात तो या कामात पटाईत समजला जायचा. ओळीत दात बसवताना तो मुद्दाम एखादा दात केसभर वाकडा बसवायचा. म्हणायचा, साठ वर्षांच्या माणसाला वीस वर्षांचे दात लावले तर घरची माणसे त्याला ओळखायची नाहीत.

असा हात इथे कोणाकडेच नव्हता. म्हणून मालकीणबाईंनी सरकारला लेखी हमी दिली होती की हा कारागीर आम्हाला हवा आहे, त्याला याच कामावर ठेवू आणि त्याच्या हजेरीची चोख नोंद ठेवू. त्या हमीवर त्याला व्हिसा मिळाला. पाच वर्षे असे नीट काम केले की त्याला आणि त्याच्या कुटुंबाला या देशात कायमचे राहण्यासाठी अर्ज करता येणार होता. तोवर मात्र नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की बिऱ्हाड उचला. मित्रांनो, तुम्ही पाहुण्यांच्या घरी खुर्चीच्या कडेवर बसता ना, तसा हा माणूस पाच वर्षे बसणार होता.

पहिल्याच दिवशी त्याने कार्ड उलटे सारले. मी इमानाने भलत्याच बाजूला वेळ छापली आणि त्याचा चेहरा पडला. काकूंनी चाक न थांबवता डाव्या हाताने कार्ड सुलटे करून दिले. "घाबरू नको रे, तो चावत नाही," त्या म्हणाल्या. चिमटेराव हसला, आणि जाताना मला, म्हणजे एका यंत्राला, चक्क "धन्यवाद" म्हणाला. त्या दिवसापासून घरी जाण्याआधी तो आपल्या मऊ ब्रशने माझी फट झाडायचा. इतकी वर्षे मी सगळ्यांची वेळ पाहिली होती. माझ्याकडे पाहणारा हाच पहिला. त्या ब्रशचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

आता जे घडले ते नीट ऐका.

त्याच्या नोकरीचे तिसरे वर्ष होते. गावाकडे त्याची आई पायरीवरून पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. मालकीणबाईंनी लगेच आठवड्याची रजा दिली. तो गेला, आईचे ऑपरेशन पार पडले, आणि परत निघायच्या दिवशी वादळामुळे विमानेच रद्द झाली. त्याने कारखान्यात फोन केला. मालकीणबाई एका प्रदर्शनासाठी आठवडाभर परगावी होत्या, म्हणून फोन काकूंनी उचलला. आणखी चार दिवस लागतील, बाईंना तेवढे कळवा, असे त्याने काकुळतीने सांगितले.

"सांगते, तू आईकडे बघ," काकू म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

पण त्यांनी सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आधी आपले कार्ड टाकले, मग इकडे तिकडे पाहिले आणि चिमटेरावाचे कार्ड काढून माझ्या फटीत सारले. मी खट्ट केले. दुसरे काय करणार? कार्ड कोणाचे आणि हात कोणाचा, हे मला दिसत होते, पण बोलायला मला फक्त आकडे दिलेले आहेत. असे चार दिवस चालले. त्याची खुर्ची रिकामी आणि त्याच्या चौकटी भरलेल्या. बाकीच्यांना वाटले रजाच तेवढी असेल, कोणी विचारले नाही. आठवड्याच्या शेवटी कार्डे कारखान्याच्या कचेरीत गेली, चिमटेराव परत आला तेव्हा फळीवर नवे कोरे कार्ड होते, आणि काकूंनी त्याची रजा वाढवून घेतली असे तो धरून चालला. त्याने त्यांच्यासाठी आईने दिलेली लोकरीची शाल आणली होती. ती घेताना काकूंना काय वाटले असेल, देव जाणे.

पुढची दोन वर्षे सुखाची गेली. चिमटेरावाला मुलगी झाली. तिचा पहिला दात आला, त्या दिवशी त्याने सगळ्यांना असे काही वर्णन करून सांगितले, जणू असा दात या कारखान्यात कोणी पाहिलाच नव्हता. पाच वर्षे पुरी झाली आणि त्याने अर्ज भरला. देशाबाहेर किती दिवस होता, या रकान्यात त्याने पासपोर्ट पाहून सगळे दिवस खरेखरे लिहिले. ते चारही लिहिले, पुढे 'मालकांच्या परवानगीने' असेही लिहिले. कारखान्याने हजेरीची कार्डे जोडली, आणि त्या कार्डांवर त्या चार दिवसांत माझ्या सुबक आकड्यांत तो कामावर हजर होता.

महिन्याभराने सरकारी कचेरीचे पत्र आले. अर्ज तरी खोटा आहे किंवा कारखान्याची नोंद तरी खोटी आहे, पुढच्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत खुलासा करा. अर्ज खोटा ठरला तर या कुटुंबाला देश सोडावा लागणार होता. नोंद खोटी ठरली तर परदेशी कारागीर ठेवण्याचा कारखान्याचा परवानाच जाण्याची भीती, आणि तो गेला तरी चिमटेरावाची नोकरी जाणारच. पत्र वाचून मालकीणबाईंच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी त्याला माझ्यासमोर उभे केले आणि सरळ विचारले, कार्ड कोणाकडून टाकून घेतलेस? त्याने शपथेवर सांगितले की मला यातले काही माहीत नाही. मग त्यांनी विचारले की परवानगी कोणी दिली. काय घडले असेल ते त्याच्या तेव्हाच लक्षात आले होते.

काकू त्या आठवड्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या. निवृत्तीला त्यांचे दोनच महिने उरले होते. त्यांचे नाव घ्यायचा अवकाश, हा सुटला असता. पण त्याने तोंड उघडले नाही. बुधवारी त्याची बायको मुलीला कडेवर घेऊन कारखान्यात आली. दोघे दाराशी, माझ्या अगदी खाली उभे होते. ती हळू आवाजात त्याला समजावत होती.

"फोन कोणी उचलला एवढं तर सांग. खोटं बोल असं मी म्हणतच नाहीये."

"त्यांनी माझ्यासाठी केलं गं. माझ्या आईसाठी. मी त्यांचं नाव कुठल्या तोंडानं घेऊ?"

"आणि हिचं काय?" ती मुलीकडे बघून म्हणाली. मित्रांनो, त्या दिवशी मला माझा फार राग आला. मी चुकत नाही याचा केवढा तोरा मी मिरवला होता, आणि ज्याने मला रोज झाडले-पुसले त्याचेच घर मी चार दिवसांच्या आकड्यांनी मोडायला निघालो होतो.

गुरुवारी सकाळी काकू आल्या. डोळ्यावर काळा चष्मा, हातात औषधाची बाटली. आल्या आल्या त्यांनी हाक मारली, "काय रे, सगळ्यांच्या दाढा एकदम दुखायला लागल्या की काय?" प्लास्टरवाल्याने त्यांना बाजूला घेऊन काय झाले ते सांगितले. काकू तिथेच स्टुलावर टेकल्या. मग उठल्या, चष्मा काढला आणि मालकीणबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांची कामे थांबली.

"कार्ड मी टाकलं," त्या म्हणाल्या. "चार दिवस, सकाळ-संध्याकाळ. आठ वेळा. त्याला यातलं काही ठाऊक नाही. त्याचा निरोप माझ्याकडेच होता, तो मी तुम्हाला दिला नाही."

मालकीणबाईंनी विचारले, "पण का, काकू?"

"माझ्या वेळी माझं कुणी टाकलं नाही म्हणून."

मालकीणबाईंना राग आला होता हे उघड होते, पण त्या बोलल्या तेव्हा त्यांचा स्वर खाली आला होता. "एक फोन करायचा होतात मला. मी रजा वाढवून दिली असती. चार काय, चौदा दिवस दिले असते." काकूंनी मान खाली घातली. आजवर चाकासमोर ताठ बसलेली ती बाई मला त्या क्षणी फार म्हातारी दिसली. आपल्याला एके काळी भेटलेला तो मुकादम त्यांनी इतकी वर्षे मनात जपून ठेवला होता, आणि समोरच्या भल्या बाईला कधी विचारूनच पाहिले नव्हते.

तेवढ्यात प्लास्टरवाल्याला तोडगा सुचला. तो म्हणाला, कोणाचेच नाव नको, खटोबा बिघडला होता असे लिहून टाकू. म्हातारे यंत्र, त्याला कोण फासावर देतो? सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. खरे सांगतो, मी एका पायावर तयार होतो. माझ्यावर खापर फुटून काकू वाचणार असतील, हे कुटुंब राहणार असेल, तर माझ्या नावलौकिकाचे काय लोणचे घालायचे आहे? पण मला कोण विचारतो.

नको म्हणाला तो चिमटेराव. "खटोबा बिघडला होता असं लिहिलं, तर पाच वर्षांची सगळीच हजेरी खोटी ठरेल. मी रोज आलोय, बाई. ताप असताना आलोय. ते चार दिवस सोडले तर एकही चौकट खोटी नाही. ती मी कशी पुसू?" मग तो काकूंकडे वळला. "आणि तुमचं नावही मला लिहायचं नाही."

"तू नको लिहूस," काकू म्हणाल्या. "मी माझ्या हातानं लिहिते."

त्यांनी तिथेच पॉलिशच्या टेबलावर बसून कागद लिहिला. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला त्रास होऊ नये म्हणून चिमटेरावाने दिवा त्यांच्या डाव्या बाजूला धरला. मालकीणबाईंनी आपले वेगळे पत्र जोडले: मी परगावी होते, परत आल्यावर कार्डे तपासायची माझी जबाबदारी होती, ती मी पार पाडली नाही, रजा मागितली असती तर मी दिलीच असती. सोबत त्या आठवड्याच्या कामाच्या चिठ्ठ्याही त्यांनी शोधून काढल्या. प्रत्येक कवळीच्या चिठ्ठीवर ती करणाऱ्याची सही असते, आणि त्या चार दिवसांत चिमटेरावाची सही एकाही चिठ्ठीवर नव्हती. परवाना जाईल ही भीती होती, तरी त्यांनी सही केली. शुक्रवारी सकाळी दहा वाजता तिघेही मिळून कचेरीत गेले.

त्यानंतरचे आठ आठवडे आम्हा सर्वांचा जीव टांगणीला लागला होता. चिमटेराव रोज वेळेवर यायचा, वेळेवर जायचा. मग एका सकाळी तो पंचवीस मिनिटे उशिरा आला. पाच वर्षांत पहिल्यांदा. कार्ड टाकायच्या आधी त्याने खिशातून एक पत्र काढून काकूंच्या हातात दिले. कायमच्या वास्तव्याचा अर्ज मंजूर झाला होता, तिघांचाही. काकूंनी पत्र दोनदा वाचले आणि त्यांनी चाक बंद केले. मी अख्ख्या आयुष्यात एवढ्या आनंदाने कोणाचा उशीर छापला नव्हता.

कारखान्याचा परवाना वाचला, पण कडक ताकीद मिळाली. काकूंनाही एक खरमरीत पत्र आले. ते त्यांनी घडी करून पर्समध्ये ठेवले, ते आपल्याला मिळायलाच हवे होते असे म्हणत. आणि ताकिदीतली एक अट अशी होती की यापुढे हजेरी बोटाच्या ठशावर घ्यायची. म्हणजे मला निरोप. एका दुपारी माझ्या जागी हाताएवढे काळे यंत्र बसले, आणि मी मागच्या अडगळीच्या खोलीत गेलो. तडा गेलेले जबडे, रिकामे डबे आणि मी. पाच वर्षे कोणी किल्ली दिली नाही. माझे काटे चारला वीस कमी असताना थांबले. वाईट वाटले, नाही कसे म्हणू? पण ज्या सच्चेपणामुळे एक कुटुंब राहिले, त्याच सच्चेपणापायी मी निघालो, हा सौदा मला तोट्याचा वाटला नाही.

पुढे खोली साफ करायची वेळ आली, तेव्हा चिमटेरावाने मला मागून घेतले. त्याने माझी चक्रे उघडली, तेल घातले, नवी शाई भरली आणि आपल्या स्वयंपाकघरात दाराशेजारी टांगले. त्याच्या मुलीने जुन्या पुठ्ठ्यांची कार्डे कापली: आईचे, बाबाचे, तिचे स्वतःचे आणि एक काकूआजीचे. निवृत्त झालेल्या काकू दर रविवारी जेवायला येतात, आणि आल्या की आधी कार्ड टाकतात.

गेल्या महिन्यात चिमटेरावाच्या आईचे दुसऱ्या पायाचे ऑपरेशन ठरले. या वेळी तो दोन महिन्यांसाठी गेला आहे. मालकीणबाईंनी रजा दिली, आणि परत येताना देशाच्या दारात कोणी अडवणार नाही हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण लेकीला करमेना. परवा रविवारी तिने स्टुलावर चढून बाबाचे कार्ड घेतले. म्हणाली, इतक्या चौकटी रिकाम्या दिसतात, मी टाकते. काकूंनी तिचा हात हळूच धरला.

"राहू दे रिकाम्या," त्या म्हणाल्या. "बाबा गेलाय, त्याची जागा कुठं गेलेली नाही. तो आला की तोच टाकेल."

मित्रांनो, मला तेलाचा एक थेंब वर्षातून एकदा पुरतो, तेवढा घरातल्या जुन्या यंत्रांना देत जा. पण मला मागायचे आहे ते निराळेच. तुमच्यातला कोणी आला नसेल तर त्याच्या नावाने 'हजर' म्हणू नका. त्याला फोन करा, आणि तो का आला नाही हे त्याच्या वतीने मोठ्यांना धीटपणे सांगा. बहुतेक वेळा समोरचे माणूस आपल्याला वाटते त्यापेक्षा चांगले निघते.

आज बाबाच्या कार्डावर एकतीस चौकटी कोऱ्या आहेत. एके काळी एका कोऱ्या चौकटीने या घराचे बिऱ्हाड उचलले असते. आता मी त्या रोज मोजतो, आणि मला त्यांची मुळीच भीती वाटत नाही.